मुलांसाठी राबलेले एक घराणे

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत बक्षीस समारंभासाठी जाण्याचा योग आला. समारंभ आटोपल्यावर तिथल्या गुरुजींनी मोठ्या आपुलकीने सारी शाळा दाखवली. एका कोपऱ्यात लोखंडी कपाट होते आणि त्याला कुलूप होते. आत काय आहे म्हणून विचारले, तर गुरुजी म्हणाले, "गोष्टींची पुस्तकं आहेत साहेब. चांगली चित्रांची आहेत. पण पोरांच्या हाती दिली की फाटतात, आणि तपासणीच्या वेळी हिशेब मला द्यावा लागतो." माझ्या आग्रहाखातर त्यांनी कपाट उघडले. तिसरी-चौथीतली पाच-सात मुले लगेच भोवती जमली. त्यांतल्या एकाने सशाच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "गुरुजी, हे चित्र कुनी काढलं? का यंत्रच काढतं?"

गुरुजी माझ्याकडे पाहू लागले आणि मी गुरुजींकडे!

मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. मोठ्यांसाठी लिहिणारे लेखक कधी जन्मले, त्यांनी कोणत्या साली काय लिहिले, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण मुलांची पुस्तके कोण लिहितो, त्यांतली चित्रे कोण काढतो, त्या माणसांचे आयुष्य कसे जाते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज देणार आहे. त्यासाठी बंगालमधल्या एका घराण्याची हकिकत सांगतो. आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघे. तिघेही लेखक आणि तिघेही चित्रकार.

आजोबांचे नाव उपेंद्रकिशोर रायचौधुरी. जन्म १८६३ चा, मैमनसिंग जिल्ह्यातल्या मसुआ नावाच्या खेड्यात. हा भाग आता बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव कामदारंजन. पाच वर्षांचे असताना नात्यातल्या एका जमीनदाराने त्यांना दत्तक घेतले आणि नाव बदलून उपेंद्रकिशोर ठेवले. पुढे शिक्षणासाठी ते कलकत्त्याला, म्हणजे आजच्या कोलकात्याला आले आणि १८८४ मध्ये बी. ए. झाले. व्हायोलिन उत्तम वाजवीत, पखवाज वाजवीत आणि चित्रेही काढीत. असा हरहुन्नरी, पदवीधर तरुण त्या काळी सहज एखादी मोठी सरकारी नोकरी धरता. यांनी काय केले? मुलांसाठी लिहायला घेतले.

त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिले आणि त्यासाठी चित्रेही स्वतः काढली. पण पुस्तक छापून हातात आले तेव्हा त्यांचे मन खट्टू झाले. चित्रे पार बिघडली होती. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे आधी ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरावे लागे. कोरणारा कारागीर निराळा. त्याच्या हाताला जेवढे साधेल तेवढेच चित्र कागदावर उतरे. चित्रकाराने काढलेली गालावरची मऊ छाया, आकाशातला फिकट ढग, हे सारे त्या कोरणीत हरवून जाई.

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, "मुलांचंच पुस्तक आहे, चालतंय." उपेंद्रकिशोरांना ते चालले नाही. युरोपात तेव्हा छायाचित्राच्या साहाय्याने ठसे करण्याची 'हाफटोन' नावाची नवी रीत निघाली होती. १८९५ च्या सुमारास त्यांनी पदरचे पैसे घालून लंडनच्या पेनरोज कंपनीकडून त्याची सामग्री मागवली. शिकवायला तिथे कोणी नव्हते. ते विलायतेलाही कधी गेले नाहीत. ग्रंथ वाचून आणि घरीच प्रयोग करून त्यांनी ती विद्या हस्तगत केली.

ही हाफटोन म्हणजे काय? छापखान्याच्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात. शाई लावणे किंवा न लावणे. अर्धवट काळे त्याला करता येत नाही. मग करड्या रंगाची छटा आणायची कशी? त्यावरची युक्ती आपल्या अंगणातल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी आहे. कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीसमोर बारीक उभ्या-आडव्या रेघांची एक जाळीदार काच ठेवायची. तिच्यातून येताना सारे चित्र चाळणीतून पडावे तसे लहान-लहान ठिपक्यांत विभागले जाते. जिथे गडद हवे तिथे ठिपके मोठे आणि एकमेकांना भिडलेले, जिथे फिकट हवे तिथे इवलेसे. मग ते ठिपके धातूच्या पत्र्यावर उतरवायचे आणि मधली जागा तेजाबाने खाऊ द्यायची. उंच राहिलेल्या ठिपक्यांना शाई लागते आणि कागदावर चित्र उठते. ठिपके इतके बारीक, की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. छाया-प्रकाशच दिसतो. शिक्षकबंधूंनी वर्तमानपत्रातले एखादे चित्र भिंगाखाली धरून मुलांना दाखवावे. त्यात ठिपके दिसतील. छपाईची यंत्रे पार बदलली, पण ठिपक्यांची ही युक्ती आजही चालू आहे.

यातली अडचण अशी, की जाळी पट्टीपासून किती अंतरावर ठेवायची आणि कॅमेऱ्याचे छिद्र किती उघडायचे, हे कारागीर अंदाजाने ठरवीत. उपेंद्रकिशोरांनी ते गणिताने ठरवले. त्यावरचे त्यांचे लेख लंडनच्या पेनरोज वार्षिकात छापून येऊ लागले. कलकत्त्याला बसून एक मनुष्य विलायतेच्या छपाईतज्ज्ञांना चार गोष्टी सांगत होता आणि त्याचे मूळ काय, तर मुलांच्या पुस्तकातली बिघडलेली चित्रे!

ठशांचा हा व्यवसाय पुढे 'यू. राय अँड सन्स' या नावाने चांगला चालला. नामांकित मासिकांची चित्रे तिथे तयार होऊ लागली. पण मालकाचे लक्ष मुलांकडेच. १९१० मध्ये त्यांचे 'टुनटुनीर बोई' हे पुस्तक निघाले. टुनटुनी म्हणजे पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी. या गोष्टी त्यांनी कुठून आणल्या? पूर्व बंगालच्या खेड्यापाड्यांतून. संध्याकाळी मुले जेवणाआधीच पेंगू लागतात. ती उपाशी झोपू नयेत म्हणून घरातल्या बायका त्यांना गोष्टी सांगून जागे ठेवीत. त्याच या गोष्टी. आपल्याकडेही भाकरी होईपर्यंत आजीने चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगावी, हे काही नवे नाही. उपेंद्रकिशोरांनी एवढेच केले, की त्या गोष्टी आदराने टिपून घेतल्या, स्वच्छ, सोप्या भाषेत लिहिल्या आणि त्यांना चित्रे दिली.

१९१३ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'संदेश' नावाचे मासिक काढले. बंगालीत संदेश म्हणजे बातमी आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाईही. माहिती आणि गोडी असे दोन्ही एका नावात आले. लिहिणारे तेच, चित्रे काढणारे तेच, ठसे करणारे आणि छापणारेही तेच. 'गोपी गाइन बाघा बाइन' ही त्यांची गोष्ट याच मासिकात आली. बेसूर गाणारा एक आणि ढोल बडवणारा दुसरा, अशा गावाने हाकलून दिलेल्या दोघांना भुते प्रसन्न होतात, अशी ती गोष्ट. १९१५ च्या डिसेंबरात वयाच्या बावन्नाव्या वर्षी उपेंद्रकिशोर वारले.

मासिकाची धुरा आली मुलाकडे. त्यांचे नाव सुकुमार राय, जन्म १८८७ चा. पदार्थविज्ञान आणि रसायन घेऊन ते बी. एस्सी. झाले होते. १९११ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे छपाईचेच उच्च शिक्षण घेऊन १९१३ मध्ये परतले. विज्ञान शिकलेला हा मनुष्य मुलांसाठी लिहू काय लागला? तर निव्वळ अर्थहीन वाटणाऱ्या गमतीच्या कविता! बदकाचे धड आणि साळिंदराचे काटे जोडून त्यांनी एक नवाच प्राणी केला आणि दोघांची नावे जोडून त्याचे बारसेही केले. त्यांच्या एका गोष्टीत घाम पुसायला ठेवलेल्या रुमालाचे मांजर होते. चित्रेही त्यांचीच. कोणी विचारील, यात बोध काय? मंडळी, बोध नाही. पण मूल पोट धरून हसते, आणि हसता हसता भाषा त्याची होते. शब्द तोडावेत, जोडावेत, उलटे करून पाहावेत, हे त्याला कळते. व्याकरणाच्या दहा तासांत हे साधत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

१९२१ मध्ये सुकुमार आजारी पडले. दुखणे होते काळा आजार. वालुमाशीच्या चावण्याने होणारा हा ज्वर त्या काळी बंगालमध्ये असंख्य बळी घेई. त्याच कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी या रोगावरचे नवे औषध नुकतेच शोधले होते, पण ते सर्रास वापरात यायला अजून अवकाश होता. सुकुमार दोन वर्षांहून अधिक काळ आजारी होते. पण 'संदेश'चे काम थांबले नाही. अंथरुणावरूनच ते लिहीत, चित्रे काढीत, अंक पाहत. रवींद्रनाथ त्यांच्या भेटीला आले, उशाशी बसून त्यांनी गाणी म्हटली. त्याच दिवसांत सुकुमार आपल्या कवितांचे 'आबोल ताबोल' हे पुस्तक तयार करीत होते. कोणत्या पानावर काय यावे, चित्र कुठे बसावे, हे सारे त्यांनी स्वतः ठरवले. १९२३ च्या १० सप्टेंबरला ते गेले. वय अवघे पस्तीस. पुस्तक प्रसिद्ध झाले ते त्यानंतर नऊ दिवसांनी. बंगालमधली मुले शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या पुस्तकाने हसत आली, ते छापून झालेले त्याच्या कर्त्याने पाहिलेच नाही.

सुकुमार गेले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा अडीच वर्षांचाही नव्हता. पुढे चार-पाच वर्षांत व्यवसाय बुडाला, 'संदेश' बंद पडले, छापखाना असलेले राहते घर सोडावे लागले. आई मुलाला घेऊन भावाच्या घरी गेली. ती बसने रोज विधवांच्या एका शाळेत जाऊन शिवणकाम, हस्तकला शिकवी आणि त्यावर मुलाला वाढवी. मुलांचे पुस्तक करणाऱ्यांच्या घरी सोन्याच्या विटा असतात असे कोणी समजू नये.

तो मुलगा म्हणजे सत्यजित राय. चित्रपट दिग्दर्शक म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. पण त्यांच्या हाताला वळण लागले ते चित्रकलेचे, शांतिनिकेतनात. १९४३ मध्ये ते जाहिरातीच्या कंपनीत लागले आणि फावल्या वेळात पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले. 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रे काढता काढता ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली आणि १९५५ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या चित्रपटाची पहिली मुळे मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांत होती. कीर्ती मिळाल्यावर त्यांनी काय केले? १९६१ मध्ये कवी सुभाष मुखोपाध्याय यांना बरोबर घेऊन आजोबांचे 'संदेश' पुन्हा सुरू केले! प्राध्यापक शोंकू आणि गुप्तहेर फेलूदा हे त्यांचे लाडके नायक याच मासिकात जन्मले. आणि १९६९ मध्ये आजोबांची गोपी-बाघाची गोष्ट त्यांनी पडद्यावर आणली. १९९२ मध्ये ते निवर्तले, तोपर्यंत मुलांसाठी लिहिणे आणि चित्रे काढणे त्यांनी सोडले नाही.

श्रोतेहो, हे सारे सांगण्याचा हेतू एकच. मुलांचे पुस्तक म्हणजे मोठ्यांच्या कामातून उरलेला वेळ, उरलेली शाई आणि उरलेली बुद्धी, असा आपला समज असतो. या तिघांनी आपल्याजवळ उत्तम ते आधी मुलांच्या पानात वाढले. आजोबांनी गणित वाढले, मुलाने शेवटचे श्वास वाढले, नातवाने कीर्ती वाढली. अशी पाने कुलपात ठेवली तर त्या कष्टांचे चीज कोण करणार? फाटलेले पुस्तक हे निदान कोणीतरी हाताळलेले पुस्तक असते.

मी त्या गुरुजींना हीच हकिकत पत्राने कळवली. मुलाला सांगा, चित्र माणूसच काढतो, यंत्र फक्त ठिपके उठवते. आणि वाचण्याआधी लिहिणाऱ्याचे व चित्रकाराचे नाव मोठ्याने वाचायची सवय लावा, असेही लिहिले. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. "कुलूप काढले आहे. दोन पुस्तके फाटली. मुलांनीच घरून खळ आणून ती चिकटवली. सशाचे चित्र कोणी काढले, ते पुस्तकावर छापलेलेच नाही. मुले विचारतात, काय सांगू?"

त्यांना काय लिहावे, हे मला अजून सुचलेले नाही. पुस्तके काढणाऱ्यांपैकी कोणी ऐकत असेल, तर त्यांनीच त्या मुलांना उत्तर द्यावे. नमस्कार.