पडद्यामागचे पुढारी

मेसमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सिनेमावाल्यांना राजकारणातलं काय कळतं?" खरं सांगायचं तर लोकांना कधी हसवायचं, कधी रडवायचं आणि कधी घाबरवायचं, हे त्यांना पुढाऱ्यांपेक्षाही चांगलं कळतं. ही ताकद कशी वापरली जाते, ते दोन उदाहरणांतून पाहू.

पहिलं अमेरिकेतलं. १९३४ साली कॅलिफोर्नियात गव्हर्नरची निवडणूक होती. मंदीचे दिवस, बेकारी जोरात. लेखक अप्टन सिंक्लेअर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे होते. बंद कारखाने आणि पडीक जमिनी बेकारांना चालवायला द्या, असा त्यांचा कार्यक्रम. हॉलिवूडचे मालक हादरले. एमजीएम स्टुडिओचे प्रमुख लुई मेयर तर रिपब्लिकन पक्षाचे बडे पुढारी. सिंक्लेअर यांचे प्रतिस्पर्धी फ्रँक मेरियम यांच्या निधीसाठी स्टुडिओतल्या लोकांकडून एक दिवसाचा पगार घेण्यात आला. शिवाय एमजीएमने बातमीपट बनवले आणि ते थिएटरांत दाखवले गेले. त्यात साध्यासुध्या मतदारांच्या मुलाखती, पण काही चक्क रचलेल्या! लोकांना वाटलं बातमी, होता प्रचार. सिंक्लेअर हरले. बडी वर्तमानपत्रंही त्यांच्या विरोधात होती, म्हणजे सगळं श्रेय पडद्याला देता येणार नाही. पण पडद्याने आपलं काम केलं.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. बारामतीहून मोरगाव-जेजुरीमार्गे पुण्याला जाताना सासवड लागतं. तिथून जवळच्या कोडीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी प्रल्हाद केशव अत्रे जन्मले. नाटककार, पटकथाकार आणि चित्रपट निर्मातेही. त्यांनी निर्माण आणि दिग्दर्शित केलेल्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

असा माणूस आरामात सिनेमे काढत बसला असता. पण १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि अवघ्या पंधरा दिवसांत, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केलं. सकाळी अग्रलेख, संध्याकाळी सभा. विनोदाने मैदान हसवायचं आणि त्याच मैदानाला संयुक्त महाराष्ट्रासाठी उभं करायचं. १९५७ ला ते मुंबईतून विधानसभेवर निवडून आले. १०६ हुतात्म्यांचं बलिदान आणि असंख्य लोकांचा लढा यांतून १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्या लढ्यातला एक खणखणीत आवाज अत्र्यांचा होता.

आता कोणी म्हणेल, अत्रे तरी कुठे निःपक्षपाती होते? नव्हतेच! त्यांची जीभ तिखट, कधीकधी मर्यादा सोडणारी. पण अग्रलेख कोणाचा, हे टपरीवरच्या पोरालाही माहीत असायचं. पटलं तर टाळ्या, नाही पटलं तर उत्तर द्यायला समोर माणूस होता. एमजीएमच्या प्रेक्षकाला मात्र आपल्याशी कोण बोलतंय हेच कळलं नव्हतं. बाजू घेणं हा गुन्हा नाही, चेहरा लपवून घेणं हा आहे.

आज थिएटर आपल्या खिशात आहे. रात्री हॉस्टेलच्या ग्रुपवर निवडणुकीचा व्हिडिओ येतो आणि आपण तो पुढे ढकलून मोकळे होतो. आपल्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. तेव्हा बोट दाबण्याआधी एवढंच विचारा: हे बनवलं कोणी, पैसे कोणाचे आणि नाव का लपवलंय? सर्किटमध्ये सप्लाय कुठून येतो हे न बघता हात घालत नाही ना आपण? मग इथेच घाई कशाला?