शंभर ग्रॅम हळद कोण खातो?

गेल्या वर्षीच्या श्रावणात आमच्या घरात एक लहानसे युद्ध झाले. एका बाजूला हळदीचा डबा, दुसऱ्या बाजूला शेवग्याचा पाला आणि मधे आमची अकरावीतली कन्या. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. स्वयंपाकघरातल्या प्रश्नांवर माझे मत विचारण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. म्हणून मी तटस्थ राहिलो, आणि तीच माझी चूक झाली.

त्याचे असे झाले. कर्जत स्टेशनचा जिना चढताना कन्येला धाप लागू लागली. अभ्यासाला बसली की डोके दुखते म्हणे. आम्हां दोघांना वाटले, ही अभ्यास टाळण्याची युक्ती! अखेर डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले. निदान बारा तरी हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पालेभाजी खायला सांगितली. गोळ्यांनी मळमळू लागले, तेव्हा चार दिवसांत कन्येने त्या सोडल्या. नेमका त्याच सुमारास सौभाग्यवतींच्या मोबाइलवर कुणीसा संदेश धाडला : 'पालेभाजीपेक्षा हळदीत दहापट लोह!'

गंमत अशी की, संदेश खोटा नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत शंभर ग्रॅम हळदीत सुमारे ४६ मिलिग्रॅम लोह दाखवले आहे. शेवग्याच्या पाल्यात ते साडेचारच्या आसपास. शिवाय हळद म्हणजे आपल्या अभिमानाचा विषय! जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुराव्यानिशी लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आमच्या आजीच्या डब्यातले ज्ञान आम्ही परक्याच्या हाती जाऊ दिले नाही, मग ते घरच्या मुलीला का देऊ नये? सकाळ-संध्याकाळ हळदीचे दूध सुरू झाले. कन्या नाक दाबून ते पिऊ लागली.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. ९.०.

त्या रात्री सौभाग्यवती जेवल्या नाहीत. मी मात्र आयुष्यात प्रथमच कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसलो. शंभर ग्रॅम हळद खातो कोण? आमच्या तीन माणसांच्या घरात तेवढी हळद महिनाभर पुरते. दोन पेल्यांत मिळून जाई ती फार तर तीन ग्रॅम. त्यातले लोह दीड मिलिग्रॅमही भरेना. उलट शंभर ग्रॅम पाला, म्हणजे शिजून वाटीभर भाजी, माणूस एका जेवणात सहज संपवतो, आणि त्यातून साडेचार मिलिग्रॅम मिळतात. कोष्टकात दहापट मागे असलेला पाला ताटात तिप्पट पुढे निघाला! त्यातून ती तुलनाच मुळी लंगडी. हळद उकडून, वाळवून, दळून आलेली. पाल्यात मात्र तीन-चतुर्थांश पाणी. वाळलेल्याची ओल्याशी शर्यत लावली, तर वाळलेलेच जिंकणार.

डॉक्टरांनी आणखी पुढचे सांगितले. वनस्पतींतले लोह अंगी फार थोडे लागते. शंभरातले आठ-दहा भागच रक्तापर्यंत पोचतात, असे धरून चालावे. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, लोहाला धरून ठेवतो. दुधातला कॅल्शियमही त्याच्या वाटेत आडवा येतो. म्हणजे हळदीचे दूध हा लोह न मिळण्याचा चांगलाच बंदोबस्त होता! जेवणावर लगेच चहा घेतला तरी तेच. उलट क जीवनसत्त्व लोहाला हात देते. ते शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्या वर असते. पण शिजताना बरेच जाते, म्हणून भाजीवर वरून लिंबू पिळावे.

"मग गोळ्या नकोत ना?" कन्येने आशेने विचारले.

डॉक्टर हसले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागते, असे २०२० सालच्या आपल्याकडच्या शिफारशी सांगतात. भाजी रोजची गरज भागवायला हातभार लावते. झालेली तूट भरून काढायला गोळीच हवी. मळमळ होते म्हणून गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. आम्ही नेमके तेवढेच केले नव्हते.

तेव्हापासून पालेभाजी आणण्याचे खाते माझ्याकडे आले. स्टेशनबाहेर ठाकर बायका भाजी घेऊन बसतात. आषाढात टाकळा, कुर्डू. पुढे भारंगी, शेवग्याचा पाला. त्यांतली एक मावशी खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून खोपोलीच्या लोकलने येते. दारचाच शेवगा आहे तिचा. एके दिवशी तिच्याबरोबर सून होती, कडेवर तान्हे मूल. सुनेचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तो आमच्या कन्येचा आषाढातला चेहरा होता, तसाच पांढुरका.

"मावशी, घरी खाता की नाही हा पाला?"

"पहिलं रोज खायचो, मास्तर. आता इकून चा-साखर न्यायची."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. हा आकडा मी वाचला होता. तो त्या दिवशी माझ्यासमोर पाटीशेजारी बसला होता.

मी सुनेला सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला सांगितले. गोळ्या तिथे फुकट मिळतात हेही सांगितले. मग मास्तरकीच्या सवयीने मावशीला म्हणालो, "रोज एक जुडी घरी ठेवत जा."

ती हसली. "त्या जुडीचं पैसं कोण देनार, मास्तर?"

संक्रांतीच्या सुमारास कन्येचे हिमोग्लोबिन ११.८ झाले. आता ती जिना चढताना माझ्या पुढे असते. हळदीचा डबा फोडणीच्या पाळीत आपल्या जागी परत गेला आहे, चिमटीपुरता, मानाने. सुनेने रक्त तपासून घेतले, गोळ्याही सुरू झाल्या, असे मावशीने सांगितले. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. माझ्या कागदावर जुडीतले लोह होते. जुडीची किंमत मी मांडलीच नव्हती.