धानाच्या बांधीतील मातीचे पोषण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे धानाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. आमच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांची वह्या-पुस्तके धानाच्या विक्रीतूनच आली आहेत. त्यामुळे बांधीत टाकलेल्या खतापैकी पिकाला किती मिळते, हा प्रश्न केवळ कृषिशास्त्राचा नसून आपल्या घरखर्चाचाही आहे.

धानाची माती इतर पिकांच्या मातीहून निराळी वागते. चिखलणी करून पाणी साचविले की थोड्याच दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. केवळ वरच्या पातळ थरात तो शिल्लक राहतो. याचे काही परिणाम हितकर आहेत. लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे होते आणि आम्लधर्मी मातीची आम्लता घटते. मात्र जस्ताची उपलब्धता कमी होते. रोवणीनंतर पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ खुंटते, तो ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावामुळे होतो, हे पंतनगरचे शास्त्रज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले.

सर्वाधिक हानी होते ती नत्राची. साचलेल्या पाण्यात युरिया फेकल्यास त्यातील बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. दुसरा काही भाग वरच्या थरात नायट्रेट बनतो, खालच्या प्राणवायुहीन थरात झिरपतो आणि तेथे वायुरूप होऊन निघून जातो. धानाला दिलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाच्या वाट्याला येते. म्हणून युरिया एकाच वेळी न देता चिखलणी, फुटवे आणि लोंबी धरण्याची अवस्था अशा तीन वेळी विभागून द्यावा. वरखत देताना बांधीतील पाणी आधी काढावे व एक-दोन दिवसांनी पुन्हा भरावे.

मग युरिया सोडून केवळ शेणखतावर भागेल काय? हिशेब करून पाहू. शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एका टनात ५ किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. तेवढ्यासाठी चार टन शेणखत लागेल आणि त्यातील नत्रही पहिल्या हंगामात पूर्ण मिळणार नाही.

परंतु शेणखताचे मोल केवळ नत्रावर ठरत नाही. सेंद्रिय पदार्थ अन्नद्रव्ये धरून ठेवतात, जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये पुरवितात आणि मातीतील जिवाणूंना अन्न देतात. रासायनिक खत पिकाला तातडीने जेवू घालते. सेंद्रिय खत मातीची जेवू घालण्याची ताकद टिकविते. १९७० पासून देशात चालू असलेल्या दीर्घकालीन खतप्रयोगांत हेच दिसले. नुसते नत्र देत राहिलेल्या जमिनीतील स्फुरद, पालाश व सूक्ष्म द्रव्ये खालावत गेली. संतुलित रासायनिक खतांना शेणखताची जोड मिळाली तेथे उत्पादन सर्वांत चांगले टिकले.

पालाशाचा मोठा साठा तणसात असतो. तणस गुरांनी खाल्ले आणि शेणमूत्र शेतात परतले, तर तो साठा बांधीकडे येतो. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या किंवा उकिरडा पावसात उघडा राहिला, तर हे चक्र तुटते. तणस थेट मातीत गाडायचे असल्यास ते रोवणीच्या बरेच आधी गाडावे; ताजे तणस कुजविताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःच वापरतात. गुरे कमी असलेल्यांनी धैंचा पेरून ४५-५० दिवसांनी चिखलात गाडावा, अथवा धुऱ्यावरील गिरिपुष्पाचा पाला वापरावा.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. या उन्हाळ्यात मातीचा नमुना तपासून घ्यावा, त्यानुसार खताची मात्रा ठरवावी आणि उकिरड्याच्या खड्ड्यावर सावली करावी. विकत आणलेली गोणी आणि घरचा उकिरडा, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. हे उमगले, तर खर्चही आटोक्यात राहील आणि पुढच्या पिढीच्या हाती कसदार बांधी जाईल.