इंडोनेशियाची धुमसणारी जमीन आणि आपल्या कढईतलं तेल

2022 चा रमजान आठवतो का? शेवटचा अशरा सुरू होता, घराघरात ईदची तयारी चालली होती आणि किराणा दुकानात चर्चा एकच, तेलाची. युक्रेनच्या युद्धामुळे खाद्यतेल आधीच महागलं होतं. त्यातच 28 एप्रिलपासून इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. 23 मे रोजी ती पुन्हा सुरू झाली. पण तोवर आपल्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळलं की भजी, बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, एवढंच काय अंगाचा साबणसुद्धा त्या दूरच्या देशाशी जोडलेला आहे. पाम तेल पिकवण्यात इंडोनेशिया जगात पहिला आणि ते आयात करण्यात आपला भारत पहिला.

तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, एवढं तेल पिकवायला त्यांच्याकडे जमीन येते कुठून?"

प्रश्न साधा होता, उत्तर मोठं आहे. काही जमीन जंगल तोडून आली, काही जुन्या मळ्यांतून आली आणि काही आली पाणथळ जागा सुकवून. या तिसऱ्या जमिनीबद्दल आम्हाला आज बोलायचं आहे, कारण तिची किंमत पिशवीवर छापलेली नसते.

पीट म्हणजे पीठ नव्हे

या जमिनीला शास्त्रज्ञ 'पीट' म्हणतात. इंडोनेशियात तिला 'गांबुत' म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की मुलं हसतात, त्यांना चक्कीवरचं पीठ आठवतं. पण पीट म्हणजे अर्धवट कुजलेली पानं, फांद्या आणि मुळं यांचा थर.

ती अर्धवट का कुजतात? लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणा. वर तेलाचा थर आहे तोवर लोणचं वर्षभर टिकतं. तेल कमी पडलं, फोडी उघड्या पडल्या, की बुरशी आलीच. तेल हवा आत जाऊ देत नाही, एवढंच त्यातलं गुपित. पीटच्या जमिनीत हेच काम पाणी करतं. दलदलीत पडलेलं पान पाण्याखाली जातं, तिथे हवा नसते, म्हणून ते पूर्ण कुजत नाही. त्यावर दुसरं पडतं, मग तिसरं. असं करत वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर चढतो. म्हणजे एक मीटर थर तयार व्हायला सुमारे हजार वर्षं लागतात. बोर्निओ बेटावर काही ठिकाणी हा थर दहा मीटरपर्यंत खोल आहे.

झाडाने हवेतून घेतलेला कार्बन या थरात कोंडून राहतो. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी फक्त 3 टक्के भाग पीटचा आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त या 3 टक्क्यांत साठलेला आहे.

आणखी एक गोष्ट. इथली पीटची जमीन दोन नद्यांच्या मध्ये घुमटासारखी फुगलेली असते. मधला भाग उंच, कडा उतरत्या. तिला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं, आणि स्पंजासारखं ती ते धरून ठेवते. वजनाने पाहिलं तर ओल्या पीटचा सुमारे 90 टक्के भाग पाणीच असतो. या घुमटाला एका बाजूने कालवा खणला की पाणी फक्त कालव्याजवळचं जात नाही, आजूबाजूचा लांबपर्यंतचा भाग हळूहळू कोरडा पडतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

दहा लाख हेक्टरचं स्वप्न

1984 च्या सुमारास इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला होता. पण लोकसंख्या वाढली, जावा बेटावरची शेती घरं आणि कारखान्यांखाली गेली आणि पुन्हा बाहेरून तांदूळ आणावा लागला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी 1995 मध्ये ठरवलं की बोर्निओच्या मध्य कालिमंतान प्रांतातली दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणायची. हिशेब कागदावर चोख होता. जमीन 'पडीक' आहे, पाणी 'जास्त' आहे, कालवे काढा, पाणी घालवा, भात लावा.

जंगल तोडलं गेलं. 4,000 किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले गेले. जावा आणि इतर बेटांवरून हजारो कुटुंबं आणून वसवली गेली. जावाची माती ज्वालामुखीची, सुपीक. तिथून आलेल्या शेतकऱ्याला इथे काय मिळालं? आंबट जमीन, जिचा सामू 3 ते 4, आणि काळ्या चहासारखं पाणी. भात आला नाही. 1998-99 मध्ये योजना गुंडाळली गेली. कालवे मात्र तसेच राहिले आणि रात्रंदिवस पाणी वाहून नेत राहिले.

जमिनीखालची आग

पाणी उतरलं की बरणीतलं तेल उतरल्यासारखं होतं. हवा आत शिरते, हजारो वर्षांचा थर कुजायला लागतो आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. जमीन खचते, दरवर्षी साधारण 5 सेंटीमीटर. आणि पूर्ण सुकलेलं पीट पुन्हा सहजासहजी पाणी शोषत नाही. त्याचं जळण होतं.

आपल्याकडे शेणाची गोवरी ज्यांनी पेटवली आहे त्यांना ही आग लगेच कळेल. ज्वाळा दिसत नाही, पण आत निखारा धुमसत राहतो. पीट असंच जळतं, फक्त जमिनीखाली आणि महिनोन् महिने. वरून पाणी मारलं तरी खालची आग जिवंत राहते आणि काही अंतरावर पुन्हा डोकं वर काढते.

1997 मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला आणि हेच झालं. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार त्या एका वर्षी इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांच्या आगींतून जेवढा कार्बन हवेत गेला, तो जगभरात कोळसा आणि तेल जाळून वर्षभरात निघणाऱ्या कार्बनच्या 13 ते 40 टक्के होता.

2015 मध्ये पुन्हा तेच. सुमारे 26 लाख हेक्टर जमीन होरपळली. मध्य कालिमंतानची राजधानी पालंकारायामध्ये आकाश पिवळं पडलं. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 300 च्या वर गेला की हवा धोकादायक मानतात, तिथे तो 1,000 च्याही वर गेला. शाळा बंद पडल्या. पाच लाखांहून जास्त लोकांना श्वसनाचे आजार झाले. धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत पोहोचला. जागतिक बँकेने नुकसान 16 अब्ज डॉलरच्या घरात मोजलं. मशिदींत, मैदानांत पावसासाठी नमाज-ए-इस्तिस्का अदा झाली. शेवटी पाऊस आला तेव्हाच आग विझली.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आमचं लक्ष त्या बंद शाळांवर जातं. आईवडील पोरांना ओल्या रुमालाने नाक झाकून घरात बसवत असतील आणि घरातही धूरच असेल. ज्या बाळाने त्या महिन्यात पहिला श्वास घेतला, त्याने कोणती चूक केली होती?

आधी पाणी, मग झाड

जानेवारी 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी पीटच्या पुनर्स्थापनेसाठी एक वेगळी संस्थाच काढली. सात प्रांतांतली सुमारे 20 लाख हेक्टर जमीन सुधारायचं काम तिच्यावर सोपवलं. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने जंगल आणि जमीन जाळून लोकांचं नुकसान करणं हराम असल्याचा फतवा दिला.

कामाचे टप्पे तीन होते. पाणी परत आणणं, झाडं परत आणणं, लोकांची रोजीरोटी उभी करणं. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पर्यावरण म्हटलं की लगेच रोप आणि फोटो. पण कोरड्या पीटवर लावलेलं रोप पुढच्या उन्हाळ्यात जळून जातं. म्हणून आधी कालवे अडवायचे.

त्यासाठी लाकडी खांब ठोकून, मध्ये मातीची पोती भरून बंधारे घालतात. आपल्या गावाकडचे वनराई बंधारे पाहिले असतील तर चित्र समजेल. एका बंधाऱ्याने भागत नाही. जमीन घुमटासारखी उतरती असल्यामुळे पायऱ्यांसारखे एकामागून एक बंधारे लागतात. मग जमिनीत भोकं पाडलेले पाइप उभे करून पाण्याची पातळी मोजतात. सरकारी नियम असा की पाणी जमिनीच्या 40 सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही.

पाणी टिकलं की दलदलीचीच झाडं लावायची. जेलुतुंग, ज्याचा चीक विकता येतो. बालांगेरान, ज्याचं लाकूड टिकाऊ असतं. सागो, ज्याच्या खोडातून पीठ निघतं. बघा, शेवटी पीठ आलंच!

पोटाचा प्रश्न

यात सगळ्यात अवघड भाग माणसांचा आहे. कालवे आता लोकांचे रस्ते झाले होते. मासे पकडायला, लाकूड आणायला होड्या त्यातूनच जात. बंधारा घातला की होडी अडते आणि मग बंधारा फुटतो. शेवटी अनेक ठिकाणी होडी जाईल एवढी खाच ठेवून बंधारे बांधावे लागले. आग लावण्यावर बंदी आली, तेव्हा जमीन तयार करायला दुसरं साधन नसलेले गरीब शेतकरी अडचणीत आले. कंपनीकडे यंत्रं असतात, एकट्या माणसाकडे काडेपेटीच असते.

जिथे लोकांना ओल्या जमिनीतूनच कमाई मिळाली, तिथे त्यांना पाणी राखण्याचं कारण मिळालं. दक्षिण कालिमंतानमध्ये बांजार समाजाच्या बायका 'पुरून' नावाच्या दलदलीतल्या गवताच्या चटया आणि टोपल्या विणतात. दायाक लोक 'बेजे' नावाचे खड्डे खणून ठेवतात. पुराबरोबर त्यात मासे येतात आणि पाणी उतरल्यावर तिथेच अडकतात. या लोकांनी दलदलीला कधी पडीक म्हटलं नव्हतं. पडीक हा शब्द बाहेरून आला.

सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणणार नाही. 2019 मध्ये पुन्हा सुमारे 16 लाख हेक्टर जमीन जळली. 2020 मध्ये त्याच जुन्या भातयोजनेच्या काही भागावर सरकारने नवी धान्ययोजना आणली. शिवाय बंधाऱ्याने पाणी परत येतं, पण जळून गेलेला थर परत येत नाही. त्याला पुन्हा हजार वर्षं लागतील.

आपल्या अंगणात

आपल्याकडे इंडोनेशियासारखी विस्तीर्ण पीटची जमीन नाही, पण पाणथळ जागा आहेत. पाणथळ जागांचा जागतिक करार 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणच्या रामसर या गावी झाला. नाव ऐकून पुष्कळांना ते गाव भारतातलं वाटतं! त्या यादीत आपलं नांदूर मध्यमेश्वर आहे, लोणार आहे, ठाण्याची खाडी आहे. आणि यादीत नसलेल्या जागा तर कितीतरी आहेत. कोकणातली खाजणं, गावाबाहेरचं तळं, पावसाळ्यात भरणारा सखल भाग.

या जागांसाठीही तोच शब्द वापरला जातो, पडीक. मग भराव पडतो, प्लॉट पडतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने पाहिलं की पाण्याची जागा घेतली की पाणी आपल्या घरात जागा शोधतं. आणि अशा भरावाच्या स्वस्त प्लॉटवर घर बांधतो तो बहुतेक वेळा गरीबच, आपल्यातलाच कोणीतरी.

म्हणून आमची विनंती छोटी आहे. घर किंवा प्लॉट घेण्याआधी गावातल्या बुजुर्गांना विचारा, इथे आधी काय होतं? मोहल्ल्याजवळच्या तळ्यात कचरा पडत असेल तर ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत लेखी अर्ज द्या. मुलांना एकदा खाडीवर घेऊन जा. आणि पुढच्या वेळी लोणच्याची बरणी उघडाल, तेव्हा वरचा तेलाचा थर त्यांना दाखवा आणि विचारा, हा काढून टाकला तर काय होईल? उत्तर त्यांना माहीत असतं. बोर्निओमध्ये जे झालं ते त्यातूनच समजावून सांगता येतं.