गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव भागात घराघरांत एकच चर्चा असते: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? अ‍ॅडमिशन झाली की ती संपते. मग पहिली युनिट टेस्ट होते, पेपर हातात येतात आणि दुसरी चर्चा सुरू होते, जरा हळू आवाजात: गणित सोडू का? आपल्या भाषेत गणित सोडवतात आणि सोडतातही. दोन्हींत फरक एका 'व'चा आहे, पण अकरावीतल्या मुलामुलींना तो एक 'व' रात्र रात्र झोपू देत नाही.

मी स्वतः पीयूला म्हणजे अकरावी-बारावीला पीसीएमबी घेतलं होतं: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. गणित शेवटपर्यंत ठेवलं, बऱ्यापैकी मार्कांनी पास झाले आणि मग साहित्य शिकायला बी.ए.ला आले. त्यामुळे चर्चच्या युवक गटातली धाकटी मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना वाटतं, ही गणितातून सुटून आलेली आहे, ही नक्की 'सोड' म्हणेल. मी तसं म्हणत नाही. 'ठेव' असंही म्हणत नाही. आधी विचारते, नेमकं काय जड जातंय? 'गणित' हे त्याचं उत्तर होत नाही. 'आजारी आहे' एवढं ऐकून डॉक्टर औषध देत नाहीत, तसंच आहे हे.

अकरावीचं गणित अचानक अवघड का होतं, ते आधी बघू. दहावीपर्यंत बहुतेक उत्तर म्हणजे एक संख्या असते. क्षेत्रफळ किती, मूळ किती, उंची किती. अकरावीत 'दाखवा', 'सिद्ध करा' असे प्रश्न वाढतात. शिवाय आधी शिकलेल्या गोष्टींच्या व्याख्याच बदलतात. त्रिकोणमितीचं उदाहरण घ्या. दहावीत कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. काटकोन त्रिकोणात बाजू ऋण नसते, म्हणून उत्तरही ऋण येत नाही. अकरावीत सर फळ्यावर लिहितात, १२० अंशांचा कोसाइन उणे अर्धा. वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटतं, आपण इतके दिवस चुकीचं शिकलो. चुकीचं काही नसतं. आता कोन त्रिकोणातून निघून वर्तुळावर आलेला असतो आणि कोसाइन म्हणजे वर्तुळावरच्या बिंदूचा क्ष-निर्देशक झालेला असतो. बिंदू डावीकडे गेला की तो ऋण होणारच. हे एक वाक्य वेळेवर कुणी सांगितलं नाही, तर पुढचं अख्खं प्रकरण पाठांतर होऊन बसतं.

दुसरं कारण वेळापत्रकाचं आहे. एनसीईआरटीच्या सध्याच्या अकरावीच्या गणिताच्या पुस्तकात 'लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्हज', म्हणजे सीमा आणि विकलन, हे १४ पैकी १२वं प्रकरण आहे. पण फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात वेग समजावताना डेरिव्हेटिव्ह येतं. म्हणजे फिजिक्सचे सर जे गृहीत धरतात, ते गणिताचे सर कित्येक महिन्यांनी शिकवणार असतात. मधल्या काळात मुलांना वाटतं की आपलंच डोकं कमी आहे. आणि हेही लक्षात ठेवा: गणित सोडलं आणि फिजिक्स ठेवलं, तर हे गणित फिजिक्सच्या दारातून पुन्हा आत येतंच.

तिसरं कारण आपल्या लोकांचं खास आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते म्हणजे भाषा. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना बहुपदी, सहगुणक, संभाव्यता हे शब्द पाठ असतात. पीयूला तेच पॉलिनॉमिअल, कोइफिशंट, प्रोबॅबिलिटी होऊन येतात. हे शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. खरा त्रास छोट्या शब्दांचा असतो, कारण ते आपल्याला येतात असंच आपल्याला वाटतं.

एक साधा प्रश्न घ्या. ५० जणांच्या वर्गात ३० जण चहा पितात, २५ जण कॉफी पितात, १० जण दोन्ही पितात. चहा 'ऑर' कॉफी पिणारे किती? आपल्या घरी पाहुण्यांना 'चहा घेणार किंवा कॉफी?' असं विचारलं तर दोन्हींपैकी एकच अपेक्षित असतं. त्या हिशोबाने मुलगी फक्त चहावाले २० आणि फक्त कॉफीवाले १५ धरते आणि ३५ लिहिते. गणितातल्या 'ऑर'मध्ये मात्र दोन्ही पिणारेही येतात. उत्तर ४५. तिचं गणित बरोबर होतं, 'किंवा' वेगळा होता. तसंच 'अ‍ॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त आणि 'अ‍ॅट लीस्ट' म्हणजे कमीत कमी. घाईत हे हमखास उलटे होतात. 'डिस्टिंक्ट' म्हणजे एकमेकांपेक्षा वेगळे. आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागात 'हेन्स' आलं, तर पहिल्या भागाचं उत्तर वापरूनच पुढे जायचं असतं. हे माहीत नसलेलं पोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं आणि वेळ संपतो.

माझी मावसबहीण खानापूर तालुक्यात राहते. मराठी शाळेतून दहावी झाली, गणितात वर्गात पहिली. पीयूच्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये तिला ५० पैकी १३ मिळाले. मावशी म्हणाली, "एवढं रडायचं असेल तर सोडून दे बाई." मामा म्हणाले, "दहावीला एवढे मार्क घेतलेली पोरगी गणित सोडते? लोक काय म्हणतील?" ती मला म्हणाली, "अक्का, मला जमंना झालंय बघ. सोडूनच टाकतो मी." घरातल्या तिघांनीही अजून पेपर उघडून बघितला नव्हता.

आम्ही दोघींनी तो उघडला. गेलेल्या ३७ मार्कांतला एकेक मार्क का गेला, ते तीन रकान्यांत लिहिलं. पहिला रकाना: प्रश्न काय विचारतोय तेच कळलं नाही. मी प्रश्न मराठीत सांगितल्यावर तिने जे सोडवले, ते सगळे इथे. दुसरा रकाना: जुनं कच्चं. दहावीचं किंवा त्याआधीचं काहीतरी निसटलंय, जसं अपूर्णांकांची बेरीज किंवा अवयव पाडणं. तिसरा रकाना: नवीन भाग समजलाच नाही किंवा सराव झाला नाही. पहिल्या रकान्यात १६ मार्क आले, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात १५. म्हणजे ती ज्याला 'गणित जमत नाही' म्हणत होती, त्यातला सर्वांत मोठा तुकडा इंग्रजीचा होता. आणि इंग्रजीसाठी कुणी इंग्रजी सोडत नाही, गणित सोडतात.

हे तीन रकाने तुम्हीही करून बघा. पेपर, पेन आणि एक शांत संध्याकाळ एवढंच लागतं. पहिला रकाना मोठा असेल तर एक वही करा आणि तिच्यात शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि एक उदाहरण लिहीत चला. दुसरा मोठा असेल तर दहावीचं पुस्तक पुन्हा काढा. त्यात लाज कसली? तिसरा मोठा असेल तर लेक्चररना विशिष्ट प्रश्न विचारा. 'सर, काही कळत नाही' याला कुणाकडेच उत्तर नसतं. 'सर, इथून इथे कसं आलं?' याला असतं.

आता दुसरी बाजू. समजा, रकाने भरताना लक्षात आलं की यातलं काहीच नाही. कळतं सगळं, पण या विषयापाशी बसावंसंच वाटत नाही, आणि पुढे जे करायचंय त्याला तो लागतही नाही. मग सोडणं हा सरळ, शहाणपणाचा निर्णय आहे. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला नर्सिंगलाच जायचं होतं. त्या शिक्षणाला बारावीचं गणित लागत नाही, हे तिने आधी नीट विचारून घेतलं आणि पहिल्या पंधरवड्यातच कॉम्बिनेशन बदललं. आज ती हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आल्यावर मला फोन करते तेव्हा गणिताचा विषयही निघत नाही.

म्हणून सोडण्याआधी दुसरा प्रश्न असा: कुठली दारं बंद होतील? इंजिनिअरिंग तर सगळ्यांना माहीत आहे. आर्किटेक्चरलाही बारावीत फिजिक्स आणि गणित लागतं, हे चित्र काढणाऱ्या अनेक मुलांना उशिरा कळतं. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायला नॉटिकल सायन्सकडे जायचं असेल, तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. आपल्याकडे शिपवर जायचं स्वप्न घराघरांत असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. एनडीएतून एअर फोर्स किंवा नेव्हीत जायचं असेल तरी तेच. आर्मीसाठी बारावीला कुठलीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेतला ३०० मार्कांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं मनात असेल, तर बारावीचं गणित सोडून चालत नाही.

काही दारं उघडीच राहतात. मेडिकलच्या नीट परीक्षेत गणिताचा पेपर नाही. लॉ, पत्रकारिता, भाषा यांना गणित लागत नाही. सीएसाठी बारावीला गणित असण्याची अट नाही, पण फाउंडेशनला व्यावसायिक गणित आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे. सायकॉलॉजी घेतली तरी स्टॅटिस्टिक्स भेटतंच. थोडक्यात, गणित सोडलं म्हणजे आकडे आयुष्यातून गेले, असं होत नाही.

मधली वाटही असते. आपल्याकडे पीयू कॉमर्समध्ये स्टॅटिस्टिक्स किंवा बेसिक मॅथ्स असलेली कॉम्बिनेशन्स आहेत. सायन्समध्ये गणिताऐवजी दुसरा विषय घ्यायची सोय काही कॉलेजांत असते, सगळीकडे नसते. पुढे कधी गणित हवंच झालं, तर एनआयओएसमधून म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा तो एकच विषय देता येतो. मात्र तुम्हाला हवा तो कोर्स असा नंतर दिलेला विषय धरतो का, हे त्या कॉलेजला आधी विचारा. आणि सगळ्यांत आधी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा की विषय बदलायची शेवटची तारीख कोणती. ती तारीख गेली तर वरचा सगळा विचार कागदावरच राहील.

'लोक काय म्हणतील' याबद्दलही थोडं. आपल्याकडे गणित म्हणजे हुशारीचा दाखला समजतात. म्हणून सोडणारा स्वतःला कमी समजतो, आणि आर्ट्सला येणाऱ्यांना 'गणित जमलं नाही वाटतं' हे ऐकावं लागतं. मीही ऐकते. अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. त्याच माणसाने ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. गणितवाले आणि साहित्यवाले ही दोन वेगळ्या रक्ताची माणसं आहेत, असं त्यांचं काम बघून तरी म्हणता येत नाही. तेव्हा 'मी भाषेची आहे, मला गणित येणारच नाही' हे सोडण्याचं कारण धरू नका. आणि 'मी हुशार आहे, म्हणून ठेवलंच पाहिजे' हे ठेवण्याचंही धरू नका.

मावसबहिणीला आर्किटेक्चर करायचं आहे. घराचे नकाशे ती सातवीपासून काढते. तिचं दार गणिताशिवाय उघडत नाही, आणि तिचा मोठा रकाना शब्दांचा होता. म्हणून तिने सहामाहीपर्यंत ठेवायचं ठरवलं, तेही ऑफिसातली शेवटची तारीख विचारून. शब्दांची वही केली. रोज चारच गणितं, पण प्रश्न आधी मराठीत मोठ्याने सांगायचा आणि मगच पेन उचलायचं. पुढच्या टेस्टमध्ये तिला २७ मिळाले. वर्गात पहिली वगैरे नाही आली. तिसऱ्या रकान्यातले मार्क अजून बरेच जातात, आणि त्यासाठी ती शनिवारी लेक्चररकडे शंका घेऊन जाते. पण 'जमंना झालंय' हे वाक्य आता 'हे प्रकरण जमंना झालंय' असं झालंय.

तुमच्या घरी, वर्गात, शेजारी कुणी हा प्रश्न घेऊन बसलं असेल, तर त्याला लगेच सल्ला देऊ नका. पेपर मागा. दोघं मिळून तीन रकाने आखा. मग त्याला पुढे काय करायचंय ते विचारा, आणि ऑफिसातली तारीख बघा. एवढं झाल्यावर तो गणित ठेवो की सोडो, आपण काय ठेवतोय आणि काय सोडतोय हे त्याला माहीत असेल.