शेतीचे रोहित्र आणि त्यावरील भाराचा हिशेब

गव्हाची पेरणी झाल्यावर अठरा ते एकवीस दिवसांनी रोपाला मुकुटमुळे फुटू लागतात. ह्या अवस्थेत पिकाला पाण्याची पाळी मिळाली नाही तर फुटवे कमी येतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती हानी पुरती भरून निघत नाही. नेमक्या ह्याच सुमारास हरभरा, कांदा व ऊस हीही पिके पाणी मागत असतात. गावच्या शिवारातील प्रत्येक विहिरीवरील मोटार सुरू असते, आणि अशाच एखाद्या दिवशी रोहित्र जळते. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ज्याला 'डी.पी.' म्हणतात, ते हे रोहित्र. विहिरीला पाणी आहे, मोटार चांगली आहे, उपकेंद्रापर्यंत वीजही आली आहे. परंतु दहा-बारा शेतकऱ्यांची पिके मात्र तहानलेली राहतात.

रोहित्र जळणे ही दैवाची गोष्ट आहे, अशी समजूत अनेक गावांत आढळते. वीज पडून किंवा जुनेपणामुळे काही रोहित्रे जळतात हे खरे. तथापि रब्बीच्या ऐन हंगामात जळणाऱ्या बहुतेक रोहित्रांची कथा साध्या गुणाकार-बेरजेने उलगडते. हा हिशेब शेतकऱ्यांना स्वतः करता येतो, व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो त्यांच्यासमवेत बसून करावा.

उपकेंद्रातून निघालेल्या वाहिनीवर विजेचा दाब ११,००० व्होल्ट असतो. रोहित्र हा दाब उतरवून मोटारीला चालेल असा, म्हणजे सुमारे ४१५ व्होल्ट करते. रोहित्र किती भार पेलू शकते हे त्याच्यावरील पाटीवर केव्हीए ह्या मापात लिहिलेले असते. शेतीसाठी ६३ व १०० केव्हीएची रोहित्रे पुष्कळ ठिकाणी दिसतात. आता एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीची सर्वसाधारण मोटार पूर्ण भाराने चालू असताना रोहित्रावर सुमारे ५.८ केव्हीए भार टाकते. साडेसात अश्वशक्तीची सुमारे ८.७ केव्हीए. म्हणजे ६३ केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीच्या अकरा मोटारी बसविल्या की रोहित्र काठोकाठ भरले.

उदाहरणादाखल असेच एक रोहित्र घेऊ. कागदोपत्री त्याच्यावर पाच अश्वशक्तीच्या अकरा जोडण्या आहेत. विहिरींची पातळी खाली गेली तशी चौघांनी पाचाच्या जागी साडेसातची मोटार बसविली. कार्यालयात ती नोंदविली नाही. आणखी दोघांनी तारेवर आकडा टाकून पाच-पाचच्या मोटारी चालविल्या. तेव्हा प्रत्यक्षात पाच अश्वशक्तीच्या नऊ व साडेसातच्या चार, अशा तेरा मोटारी झाल्या. त्यांचा एकूण भार सुमारे ८७ केव्हीए होतो. त्रेसष्टाच्या रोहित्रावर सत्त्याऐंशीचा भार! अशा भाराखाली आतील तारेची गुंडाळी व तेल तापते, तारेवरील कागदी आवेष्टन हळूहळू करपते, आणि पुढे एखाद्या दुपारी आतल्या आत जोड होऊन रोहित्र निकामी होते.

ह्यातील खरा घोटाळा पुढेच आहे. वीज कार्यालयाच्या वहीत ह्या रोहित्रावर पंचावन्न अश्वशक्तीच लिहिलेली असल्याने वहीप्रमाणे रोहित्र पुरेसे ठरते. म्हणून जळालेले काढून त्याच्या जागी पुन्हा ६३ केव्हीएचेच दुसरे, पुष्कळदा दुरुस्त केलेले, रोहित्र येते. त्याच्यावरही पहिल्या दिवसापासून तोच ८७चा भार पडतो. 'नवीन डी.पी. आठ दिवसही टिकली नाही' ही तक्रार अशी उद्भवते. लपविलेला भार कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. तो रोहित्र तेवढे सोसत असते.

अतिभाराचे परिणाम रोहित्र जळण्यापूर्वीही दिसतात. तारेतून दुप्पट प्रवाह गेला की तारेत वाया जाणारी शक्ती चौपट होते, आणि शेवटच्या खांबावरील शेतकऱ्याला ४१५ ऐवजी ३४० व्होल्टच मिळतात. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ३४० व्होल्टवर तिचा जोर सुमारे दोन-तृतीयांशच उरतो. भार ओढण्यासाठी ती अधिक प्रवाह घेते, तापते व जळते. रोहित्रापासून दूर असलेल्या शेतकऱ्याला वर्षातून दोनदा मोटार गुंडाळून घ्यावी लागत असेल, तर त्याने दोष मोटार गुंडाळणाऱ्याला देण्यापूर्वी दाब मोजून घ्यावा.

दुसरी गोष्ट ऑटो स्विचची. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे हे साधन शेतकऱ्याने हौसेने बसविलेले नसते. रात्रीच्या पाळीत थंडी, विंचू-काटा व बिबट्या ह्यांना तोंड देत विहिरीवर जाण्यापेक्षा त्याला ते बरे वाटते, आणि त्यात त्याची चूक फारशी नाही. परंतु मोटार सुरू होतानाच्या क्षणी नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. वर सांगितलेल्या तेरा मोटारी चालू स्थितीत एकूण सुमारे १२० अँपियर घेतात. ६३ केव्हीए रोहित्राची पूर्ण भाराची मर्यादा सुमारे ८४ अँपियरची. सर्वांचे ऑटो स्विच असतील तर वीज आल्या क्षणी सातशे अँपियरच्या घरात प्रवाह मागितला जातो. फ्यूज उडतो, आणि तो वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्याच्या जागी जाड तार बांधतो. त्या क्षणापासून रोहित्राचा पहारेकरी गेला असे समजावे. बारीक तार रोहित्राऐवजी स्वतः जळावी, एवढ्यासाठीच ती तेथे असते.

ऑटो स्विच काढून टाकणे हाच उत्तम उपाय होय, आणि वीज वितरण कंपनीचेही तेच आवाहन असते. जेथे ते तत्काळ शक्य नाही तेथे निदान वेळ लांबविणारे साधन जोडून प्रत्येकाची मोटार एकेक मिनिटाच्या अंतराने सुरू होईल अशी व्यवस्था शेतकऱ्यांनी आपसात ठरवावी.

आता कॅपॅसिटर. हा उपदेश शेतकऱ्यांनी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा परिणाम उरलेला नाही. नवी जोडणी घेताना बसविलेला कॅपॅसिटर वर्ष-दोन वर्षांत निकामी होतो, आणि तो चालतो की नाही हे कोणी पाहत नाही. ह्याचे कारणही स्पष्ट आहे. कॅपॅसिटर बसविणाऱ्याचे बिल त्यामुळे कमी होत नाही. लाभ होतो तो रोहित्रावरील सर्वांना. म्हणून एकट्याने तो खर्च का करावा, असे प्रत्येकास वाटते. पण आकडे पाहावेत. पाच अश्वशक्तीच्या मोटारीस २ केव्हीएआरचा व साडेसातच्या मोटारीस ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला की पहिलीचा भार ५.८ वरून सुमारे ४.८ केव्हीए व दुसरीचा ८.७ वरून सुमारे ७.३ केव्हीए होतो. तेराही मोटारींना तो लावल्यास ८७चा भार सुमारे ७२ वर येतो. पाणी थेंबभरही कमी न होता पंधरा केव्हीए मोकळे झाले.

तरीही ७२ हे ६३ पेक्षा अधिकच आहेत. कॅपॅसिटरने सर्व प्रश्न सुटतो असे सांगणारा कार्यकर्ता शेतकऱ्यांचा विश्वास गमावील. उरलेला भार पाळीनेच कमी करावा लागतो. तेरांपैकी पाच अश्वशक्तीच्या तीन मोटारी कोणत्याही वेळी बंद राहतील अशी पाळी ठेवली, तर भार सुमारे ५८ केव्हीए होतो व रोहित्र सुखाने चालते. साडेसातच्या मोटारींची पाळी आली की दोन बंद ठेवल्या तरी जवळजवळ तेवढेच साधते.

पाळी हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. धुळे व नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवरील बंधाऱ्यांतून पाणी घेणाऱ्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळीने पाणी वाटून घेतले. त्यासाठी पाटकरी नेमला. रोहित्रही त्या बंधाऱ्याप्रमाणे सामाईक आहे. फरक इतकाच की पाटातील पाणी कोणी जास्त घेतले तर डोळ्यांना दिसते, तारेतील वीज दिसत नाही. पाळीने प्रत्येकाचे दिवसातील काही तास जातात, ही गोष्ट लपवू नये. आठ तासांच्या पुरवठ्यात सुमारे पावणेदोन तासांचे पाणी सोडावे लागते. रोहित्र जळून पाच दिवस गेले तर चाळीस तास एकदम जातात, आणि ते बहुधा मुकुटमुळांच्या किंवा ओंबी भरण्याच्या वेळीच जातात. सर्वांची निकड एकाच वेळी येते अशा तीन-चार आठवड्यांपुरती ही पाळी असावी. वर्षभर तिची आवश्यकता नाही.

कायमचा उपाय मात्र भार नोंदविणे हाच. साडेसातची मोटार साडेसातचीच म्हणून नोंदवावी, आकड्यावरील दोघांनी रीतसर जोडणी मागावी, आणि मग सर्वांच्या सहीने मोठे किंवा जादा रोहित्र मागावे. नोंद केल्यास बिल वाढेल ही जुनी भीती आता पूर्वीइतकी उरलेली नाही. कारण महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू केली आहे. वही खरी असेल तरच कार्यालयाकडे हक्काने बोलता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या उच्चदाब वितरण योजनेत एक-दोन शेतकऱ्यांना लहानसे स्वतंत्र रोहित्र देण्यात आले. तेथे जादा मोटार लावणाऱ्याचे नुकसान प्रामुख्याने त्याचेच होते. हे तत्त्व योग्य असले तरी सर्व जुन्या रोहित्रांची जागा अशी घेणे अल्पकाळात होणारे नाही.

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यावयाची, अशी ही योजना आहे. रात्रीचे विहिरीवर जाणे टळले तर त्यासारखी दुसरी गोष्ट नाही. परंतु ती वीजही त्याच वाहिनीतून व त्याच रोहित्रातून विहिरीपर्यंत येते. शिवाय दिवसा उन्हाने रोहित्र आधीच तापलेले असते, म्हणून अतिभार सोसण्याची त्याची शक्ती रात्रीपेक्षा कमीच. सौर वीज आली म्हणजे रोहित्राचा प्रश्न मिटला, असे समजण्यात अर्थ नाही.

दसऱ्यापूर्वी, म्हणजे रब्बीची घाई सुरू होण्याआधी, रोहित्रावरील शेतकऱ्यांनी जनमित्राला बोलावून काही गोष्टी पाहून घ्याव्यात. तेलाची पातळी योग्य आहे काय व कोठे गळती आहे काय? श्वसन-नळीतील निळे खडे गुलाबी झाले असल्यास ते ओलाव्याने भरले आहेत, ते बदलावयास हवेत. फ्यूजची तार योग्य जाडीची हवी. भूसंपर्काची तार तुटलेली नसावी. तिच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकण्याचे काम मात्र शेतकऱ्यांनी स्वतः करावे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ह्याखेरीज रोहित्राला कोणीही हात लावू नये. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस, दुसरीकडून अकस्मात वीज आल्याने, खाली जिवंत उतरला नाही, असे प्रसंग खेड्यापाड्यांत घडत आले आहेत. फ्यूज बसविण्यासाठी जनमित्राची चार तास वाट पाहावी लागली तरी ती पाहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक रोहित्रामागे एक साधी वही ठेवण्यास शेतकऱ्यांना शिकवावे. वीज किती वेळा गेली व प्रत्येक वेळी किती वेळ गेली, एवढ्या दोनच गोष्टी तीत तारीखवार लिहावयाच्या. वितरणाची विश्वसनीयता जगभर ह्याच दोन मापांनी मोजली जाते. शेजारी मोटारींची यादी अश्वशक्तीसह असावी. बिघाड होताच १९१२ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवून मिळालेला तक्रार क्रमांक व वेळ त्याच वहीत टिपावी. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये सेवेची मानके ठरवून देण्याचा अधिकार नियामक आयोगाला आहे, व ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. ती मागताना पहिला प्रश्न येतो तो तक्रार केव्हा नोंदविली हाच.