मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच : किमतीआधी अंतर मोजा

भिलाई (छत्तीसगड) : ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे ३०,००० रुपये मूळ किमतीचा संच करासह ३८,४०० ऐवजी ३५,४०० रुपयांना पडतो. मात्र वाचलेले ३,००० रुपये आणखी मोठ्या पडद्यावर घालण्यापूर्वी खोलीचा विचार आवश्यक ठरतो.

पडद्याचा आकार कर्णावर मोजतात. बैठकीचे अंतर त्या कर्णाच्या साधारण दीडपट ते अडीचपट असावे, असा निकष आहे. मोहन नगरसारख्या वसाहतीतील घरात संच व बैठक यांत सात फूट, म्हणजे ८४ इंच अंतर असेल, तर ४३ इंची पडदा पुरेसा होतो. ५५ इंची पडद्याला तेवढे अंतर जेमतेम पुरते.

‘फोर-के’ पडद्यावर ‘फुल एचडी’च्या चौपट बिंदू असतात. परंतु केबल किंवा डीडी फ्री डिशवरील वाहिन्या त्या दर्जाच्या नसल्याने त्याचा लाभ प्रामुख्याने इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांपुरता राहतो. मर्यादित खर्चात संच निवडताना तारांकन पट्टीवरील वार्षिक वीजवापर आणि जवळच्या सेवा केंद्राची सोयही पाहणे हिताचे आहे.